न संपणारी बरणी

६ जानेवारी, सोमवार

औषध कंपनीच्या माणसाने दरवर्षीप्रमाणे डायऱ्या वाटल्या. डॉक्टरांना चामडी वेष्टनाच्या, आम्हा सिस्टरांना पुठ्ठ्याच्या. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांच्या इंजेक्शनचं नाव आणि त्याखाली ‘जंतूंचा कर्दनकाळ’. एरवी ही डायरी आमच्या स्वयंपाकघरात जाते आणि तिच्यावर गरम पातेली ठेवली जातात. यंदा म्हटलं लिहून बघू. घरी बोलायला जावं तर हे बातम्यांसमोर बसलेले, आणि वॉर्डात मी साधं बोलले तरी मुलींना ते ओरडणंच वाटतं.

मला मागून ‘हातदाखवे बाई’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. ड्यूटीवर येणाऱ्या प्रत्येकीला मी दारातच थांबवते आणि म्हणते, हात दाखव. नखं, अंगठ्या, भेगा, सगळं बघते. म्हणोत बापडे. आमच्याकडचे बहुतेक पेशंट मानेत लाइन घातलेले. ती नळी थेट रक्तात उतरते. तिला घाण हात लागला की घाण रक्तात गेलीच म्हणून समजा.

इतकं धुऊन हात फुटतात, त्यात ही थंडी. त्यावर माझं मलम आहे. मेण, तेल, ग्लिसरीन, कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी. मी स्वतः घरी घोटते. बाजारच्या क्रीमसारखी त्यात कसलीही रसायनं नाहीत. बेसिनशेजारी मोठी बरणी ठेवली आहे. तळ दिसायला लागला की मी वरून नवं ओतते, बरणी कधी संपू देत नाही. मुली हात धुतात, बोट बुडवतात, चोळतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. हे बघितलं की माझ्या जिवाला बरं वाटतं.

फक्त नवी सिस्टर तेवढी बरणीला हात लावत नाही. नुकतीच रुजू झाली आहे, अजून कायमही नाही. प्रेमाने बरणी पुढे केली तर म्हणाली, “मला चालत नाही, सिस्टर.” चालत नाही म्हणे. एवढीशी पोर आणि तोरा बघा.

९ जानेवारी, गुरुवार

दोन पेशंटना हुडहुडी भरून ताप आला. एक खिडकीजवळचे आजोबा. त्यांना आम्ही पेपरवाले आजोबा म्हणतो, कारण सकाळी अख्खा पेपर ते मोठ्याने वाचतात, आपण झोपलेले असलो तरी. आज पेपर तसाच घडी घातलेला होता.

रक्ताचे रिपोर्ट आले. दोघांच्याही रक्तात एकच जंतू, क्लेब्सिएला नावाचा. कोणकोणतं औषध त्याला मारतं ते बघायला गेलं तर जवळजवळ सगळ्यांपुढे ‘निरुपयोगी’. डायरीतल्या कर्दनकाळापुढेही तेच. मागे दुसऱ्या दवाखान्यातून आलेला एक पेशंट हाच जंतू घेऊन आला होता, तो बरा होऊन घरीसुद्धा गेला. मग हा जंतू राहिला कुठे?

मुलींना गोळा करून चांगलं झापलं. हात दुप्पट धुवायचे असं ठरवून दिलं.

१२ जानेवारी, रविवार

आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या आतड्याला पीळ पडला आणि काल तातडीने ऑपरेशन झालं. बराच भाग काढावा लागला. आता काही दिवस तोंडाने काही नाही, मानेतल्या लाइनमधूनच अन्न. सर्जन तिला वरच्या मजल्यावर ठेवणार होते. मी म्हटलं, माझ्या वॉर्डात आणा.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, “तुमच्याकडे कसलीशी साथ आहे म्हणालीस ना? तिथेच कशाला?” मी म्हटलं, माझ्या वॉर्डात माझ्या माणसाला काय होणार आहे? ह्यांनी आमटी वाढून घेतली. माझ्यापुढे ते फारसं बोलत नाहीत.

जाऊ मोठी तिखट. माझ्या स्वच्छतेची तिने आयुष्यभर थट्टा केली. ताईंच्या घरी पाहुण्यांना आधी भिजत घालतात, मग वाळवून आत घेतात, असं ती लग्नकार्यात सगळ्यांना सांगते. आज भूल उतरल्यावर डोळे उघडले आणि मला बघून पुटपुटली, “आले का मी भिजायला?” मला हसू आलं आणि रडूही. दीर दाराशी उभे होते. त्यांना म्हटलं, तुम्ही घरी जा, ती आता माझ्या हातात आहे.

१५ जानेवारी, बुधवार

आणखी एकाला ताप. वरून हुकूम निघाला आणि प्रयोगशाळेच्या डॉक्टर तपासणीला आल्या. त्यांना सगळे जंतूवाल्या बाई म्हणतात. किरकोळ बांधा, कमी बोलणं, खिशात सतत कापसाच्या काड्या. त्यांनी नळ, बेसिनची जाळी, साबण, सलाइन, गाद्या, अगदी पडद्याची कडसुद्धा काड्यांनी पुसून तपासायला नेली.

त्या येणार म्हणून मी सकाळीच वॉर्ड लखलखीत करून ठेवला होता. बिनकामाच्या वस्तू आत, टेबलं मोकळी. मलमाची बरणी माझ्या कपाटात ठेवली. ती काही दवाखान्याची वस्तू नाही, उगाच कुणी विचारायला नको.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, वॉर्ड फार चांगला ठेवला आहे. मी वरवर काही दाखवलं नाही, पण घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

१८ जानेवारी, शनिवार

तपासणीत काहीच सापडलं नाही. सगळं स्वच्छ. आणि आज दुपारी पेपरवाले आजोबा गेले.

त्यांची बायको माझ्यापाशी बसून राहिली. रडली नाही. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, “तुमचे हात किती मऊ आहेत. शेवटी ह्यांचा हात तुम्ही धरलात, मी बघितलं.” त्यांच्या हातांनाही भेगा पडल्या होत्या. बरणीतलं थोडं मलम काढून मी त्यांच्या तळव्यांना चोळून दिलं. एवढंच करता आलं.

मुली इतके हात धुताहेत की बरणी दोन दिवसांत अर्ध्यावर येते. उद्या दुप्पट मलम करायला हवं.

२० जानेवारी, सोमवार

माझ्या डोक्यात काल लख्ख प्रकाश पडला. नवी. तिचे हात बघितले तर बोटांच्या पेरांवर कातडी फाटलेली, रक्त आलेलं. फाटलेल्या कातडीत जंतू घर करतात हे तर शिकाऊ मुलीलाही माहीत असतं. सगळ्यांचे हात माझ्या मलमाने जुळून आलेत, हिचे तसेच. घमेंडीपायी लावायचं नाही, आणि भोगायचं पेशंटांनी.

मेट्रनबाईंना लेखी तक्रार दिली. दुपारपर्यंत नवीला वॉर्डातून काढून बाहेरच्या विभागात टोकनं वाटायला बसवलं. तिची नोकरी कायम करायची की नाही, तेही आता बघणार आहेत. जाताना माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “सिस्टर, माझ्याकडच्या एकाही पेशंटला ताप आलेला नाही.” म्हणजे बाकीच्यांना बाकीच्यांनी दिला असं सुचवायचं होतं तिला. चोर तो चोर, वर शिरजोर.

पोर जिना उतरताना डोळे पुसत होती. मला वाईट वाटलं, पण वॉर्ड म्हणजे काही धर्मशाळा नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

जाऊला हुडहुडी भरली. मी तिच्या अंगावर तीन ब्लँकेटं घातली तरी पलंग वाजत होता. रिपोर्ट यायच्या आधीच मला कळलं होतं.

डॉक्टरांनी दिरांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. दोन औषधं उरली आहेत. दोन्ही जुनी, वाईट. मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, कानही जाऊ शकतात. नाही दिली तर ती जगणार नाही. दीर माझ्याकडे बघत राहिले. “वहिनी, तुम्ही म्हणाला होतात ना?” एवढंच म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं.

आजपासून तिच्या लाइनला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असं सांगून ठेवलं आहे. औषध मी देणार, नळी मी धुणार. दर वेळी आधी हात धुवायचे, मलम लावायचं, मगच तिच्याकडे जायचं. फुटलेल्या हातांनी मी तिला शिवणार नाही. ती नवीची चूक मी करणार नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. बरी होतेय म्हणावं तर संध्याकाळी परत तेच. डॉक्टरांना कळत नाही की औषध चालू असताना जंतू पुन्हा पुन्हा येतो कुठून.

त्यात नवीकडे जे पेशंट होते, त्यांतल्याही दोघांना आता लागण झाली. ती असेपर्यंत ठणठणीत होते. जाताना ठेवून गेली असणार. मी तसं बोलूनही दाखवलं. मुलींपैकी कुणी हो म्हणालं नाही की नाही म्हणालं नाही.

घरी आल्यावर मलम घोटत बसले. एकाच दिशेने पळी फिरवत राहिलं की डोकं शांत होतं. हे बातम्या बंद करून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, थोडी झोप घे. मी म्हटलं, माझ्या मुलींचे हात कोण बघणार?

३१ जानेवारी, शुक्रवार

मंगळवारी रात्री माझ्याच अंगात कणकण आली. साधी सर्दी, पण सक्तीची सुट्टी मिळाली. डॉक्टरांनी साथीपासून दूर म्हणून जाऊला दुसऱ्या मजल्यावर एकटीच्या खोलीत हलवलं, तिथल्याच सिस्टर बघत होत्या. दोन दिवस जिवाला चैन नव्हतं, माझ्यामागे काय करून ठेवतील म्हणून. आज गेले तर ताप उतरलेला! मूत्रपिंडंही सांभाळली गेली. फक्त कानात शिट्टी वाजते म्हणते.

जंतूवाल्या बाईंनीच ती औषधं शोधून मागवली होती. त्यांचे आभार मानायला गेले तर त्यांचे हात माशाच्या खवल्यांसारखे झालेले दिसले. मला राहवलं नाही. वॉर्डातल्या बरणीतून एक डबी भरून त्यांना नेऊन दिली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, आत काय काय आहे ते विचारलं. मी सगळं सांगितलं. अगदी शुद्ध आहे, रसायन नावाला नाही, हेही सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं, कुठे ठेवता, कोण कोण वापरतं, बरणी धुता कधी? मी म्हटलं, धुवायला ती रिकामी कुठे होते.

त्यांनी लावलं नाही. झाकण घट्ट लावून डबी बाजूला ठेवली. घरी जाऊन लावणार असतील.

३ फेब्रुवारी, सोमवार

जंतूवाल्या बाईंनी प्रयोगशाळेत बोलावलं. म्हणाल्या, “सिस्टर, आधी बसा.”

टेबलावर तीन काचेच्या ताटल्या होत्या. तिन्हींवर सारखेच ओले, फुगीर ठिपके. एकीवरचा जंतू पेपरवाल्या आजोबांच्या रक्तातला. दुसरा माझ्या जावेच्या रक्तातला. तिसरा मी दिलेल्या डबीतला.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. समजावून सांगत होत्या. मलमात कोरफड आणि गुलाबपाणी, म्हणजे पाणी. जंतू मरेल असं त्यात काही नाही. कधीतरी त्या बाहेरून आलेल्या पेशंटवरून कुणाच्या तरी बोटाने जंतू बरणीत गेला. आणि बरणी कधी संपलीच नाही, म्हणून तोही संपला नाही. जितके हात धुतले, तितकं मलम लागलं.

मग त्यांनी विचारलं, “मी तपासणीला आले तेव्हा ही बरणी कुठे होती?”

“माझ्या कपाटात,” मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं लहान मुलांना शिकवतात. माझ्या काखेतल्या कळशातून मी माणसांना विष पाजत होते. ती बरणी त्या दिवशी बेसिनशेजारी असती तर जावेच्या रक्तात काही गेलं नसतं. रोज हात धुऊन, मन लावून, मीच ते तिच्या नळीत घालत होते. मी दोन दिवस घरी बसले म्हणून ती वाचली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजोबांच्या बायकोच्या तळव्यांना मी ते चोळून दिलं होतं. रात्रभर तेच डोळ्यांसमोर आहे. तुमचे हात किती मऊ आहेत.

ह्यांना सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. लागण झालेल्या सगळ्या पेशंटांच्या घरी पत्र जाणार आहे. त्यात ‘वॉर्डातील एका वस्तूमधून संसर्ग झाला’ एवढंच असेल. म्हणाले, तुमचं नाव कशाला? तुम्ही मुद्दाम थोडंच केलं? तुमची सेवा सगळ्यांना माहीत आहे.

लिहायला लाज वाटते, पण मला हलकं वाटलं. ‘एका वस्तूमधून’ असं मनातल्या मनात घोळवत घरी आले. जाऊला कधी कळायचंही कारण नाही. नेहमीपेक्षा दोन घास जास्त गेले. त्यानंतर मात्र आरशासमोर केस विंचरताना स्वतःच्या तोंडाकडे बघवेना.

मी एवढ्यांना हात दाखवायला लावले. माझे हात बघायचं कुणाला सुचलं नाही, कारण माझे सगळ्यांत सुंदर होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवीला शोधत बाहेरच्या विभागात गेले. टोकनं वाटत होती. गर्दी ओसरेपर्यंत मी बाकावर थांबले, पेशंटांच्या रांगेत. मग तिला सगळं सांगितलं. चुकले म्हणाले. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जाऊ द्या सिस्टर म्हणेल. तसं म्हणायची आमच्याकडे पद्धतच आहे.

ती म्हणाली, वासाच्या कुठल्याही वस्तूने तिच्या कातडीवर पुरळ येतं. तेच सांगायला तिने तोंड उघडलं होतं, मी ‘चालत नाही’च्या पुढे ऐकलंच नाही. मग शांतपणे म्हणाली, “तक्रार जशी लिहून दिली होतीत, तसंच हेही लिहून द्या. तोंडी नको.”

आपलंच म्हणणं खरं होतं असं तिने एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला थोडं तरी चिडता आलं असतं. तिथेच बाकावर बसून लिहून दिलं. माझं नाव स्वच्छ अक्षरात घातलं. मेट्रनबाईंनी ते वाचून चष्मा काढला आणि विचारलं, एवढं लिहायची खरंच गरज आहे का? मी म्हटलं, आहे.

रात्री ह्यांनाही सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून माझी पळी आणि घोटायचं पातेलं माळ्यावर ठेवून आले. मला खाली बघायला लावतील असं काही ते म्हणणार नाहीत, हे माहीत होतं. तेच जड गेलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

जाऊला परत मोठ्या वॉर्डात आणलं आहे. भेटायची वेळ होती, सगळ्या पलंगांशी माणसं. नवी कालपासून परत वॉर्डात आली आहे, शेजारच्या पलंगावर ड्रेसिंग करत होती. बरणीच्या जागी भिंतीला दाबायची बाटली लावली आहे, बंद तोंडाची, दवाखान्याची.

मी पोचले तेव्हा जाऊ शेजारच्या बाईला सांगत होती, ह्या माझ्या मोठ्या जाऊबाई, ह्यांनीच मला वाचवलं, दुसऱ्या कुणाला माझ्या नळीला शिवू दिलं नाही. हल्ली ती फार मोठ्याने बोलते. तिचं तिला कळत नाही. दीर कौतुकाने मान डोलवत होते. परवापासून तेही माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागले आहेत.

मी स्टूल ओढून तिच्या कानाशी वाकले. जे सांगायचं ते रात्रभर पाठ केलं होतं. हळू आवाजात, कुणाला कळणार नाही असं सगळं सांगून टाकलं. डोळे मिटून. उघडले तर ती माझ्या ओठांकडे बघत होती.

“ताई, काही ऐकू येत नाही. मोठ्याने बोला.”

मी जरा आवाज चढवला. तिने मान हलवली. औषधाने तिचे कान गेले आहेत. डॉक्टरांना नंतर विचारलं तर म्हणाले, परत येतील असं नाही. ती औषधं तिला कुणामुळे घ्यावी लागली? तिने हात कानामागे नेला आणि पुन्हा म्हणाली, “मोठ्याने, ताई. लाजता कसल्या?”

मी उभी राहिले. मुलींना झापताना जो आवाज लागतो त्याच आवाजात म्हटलं, “तुला वाचवलं नाही मी. तो जंतू माझ्या मलमात होता. माझ्याच हाताने तुझ्या नळीत गेला. तपासणीच्या दिवशी बरणी मी कपाटात ठेवली होती, म्हणून कुणाला सापडला नाही.”

नवीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. दिरांकडे बघायचं धाडस मला झालं नाही. जावेला ह्या वेळी ऐकू गेलं होतं. ती उशीला टेकून उठून बसली. मग म्हणाली, “हात दाखवा.”

मी हात पुढे केले. तिने ते उलटेसुलटे करून पाहिले. सोमवारपासून मी काही लावलेलं नाही. पेरं फाटली आहेत, अंगठ्याशी रक्त येतं.

“आता काय लावता?”

मी मान हलवली. काही नाही.

तिने माझे हात चादरीवर ठेवून दिले, माझे नसल्यासारखे, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दीर बाहेर निघून गेले. भेटायची वेळ संपेपर्यंत मी तिथेच बसून होते. ती वळली नाही.

उद्या पेपरवाल्या आजोबांच्या घरी जायचं आहे. त्यांच्या बायकोला अजून पत्र मिळालेलं नाही, त्याआधी पोचायला हवं. त्यांना नीट ऐकू येतं. तिथे हळू बोललं तरी चालेल.